कोजागरीच्या रात्रीसाठी फसव्या कोड्यांची तयारी

कोजागरीला गच्चीवर दूध आटत असते, मुले पेंगायला लागलेली असतात आणि दुधात चंद्र पाहिल्याशिवाय कोणालाही झोपू द्यायचे नसते. अशा वेळी फसव्या कोड्यांइतका चांगला कार्यक्रम दुसरा नाही. मात्र ऐनवेळी मोबाइल उघडून कोडी वाचायला घेतली, तर निम्मी सर्वांनी ऐकलेली निघतात आणि उरलेल्यांच्या उत्तरांवरून वाद होतो. म्हणून आठवडाभर आधीच तयारीला लागावे.

प्रथम घरातल्या आजी-आजोबांकडून जुनी कोडी मागून घ्यावीत. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ म्हणजे दात आणि जीभ, आणि ‘सूपभर लाह्या, त्यात एक रुपया’ म्हणजे चांदण्या आणि चंद्र. यांपैकी दुसरे त्या रात्री नुसती मान वर केली तरी सुटते. ही कोडी खरे तर फसवी नाहीत, पण त्यांनी सुरुवात केली की लहान मुलांचा संकोच जातो आणि मोठ्यांनाही आपापली आठवू लागतात.

नंतर फसवी कोडी निवडावीत आणि प्रत्येक कोडे एका नियमावर तपासावे : उत्तर कळल्यावर ‘हे तर समोरच होते’ असे ऐकणाऱ्याला वाटले पाहिजे. फांदीवर दहा कावळे, एकाला गोळी लागली, उरले किती, हे कोडे या नियमात बसत नाही. ‘एकही नाही’ असे उत्तर सांगितले की मेलेला कावळा फांदीतच अडकला असेल, असे एखादे मूल हमखास म्हणते, आणि त्याचे म्हणणे चूक नसते. असे कोडे वगळावे. त्याऐवजी एक किलो गूळ जड की एक किलो भडंग, असे विचारावे. त्याच्या उत्तरावर वाद घालायला जागाच नाही.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो कानाला फसवणाऱ्या प्रश्नांना. ‘सीतेला पळवून नेण्यासाठी कुंभकर्ण कोणाचा वेश घेऊन आला होता?’ असे सहज विचारले, तर ज्यांना रामायण तोंडपाठ आहे तेही ‘साधूचा’ म्हणून मोकळे होतात. कुंभकर्ण त्याच कथेतला, लंकेतला आणि रावणाचा सख्खा भाऊ असल्यामुळे ते नाव कानाला खटकत नाही आणि मन थेट वेशाकडे धावते. त्याच जागी दुर्योधन म्हटले असते, तर पाचवीतल्या मुलानेही लगेच अडवले असते. बायबलमधील नोहाच्या जागी मोझेसचे नाव घालून हाच प्रकार एरिकसन आणि मॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली अभ्यासला होता. असे प्रश्न स्वतः तयार करताना बदललेले नाव त्याच कथेतले आणि त्याच पक्षाचे घ्यावे, आणि प्रश्न मोठ्याने वाचण्याचा सराव करावा. नावापाशी आवाज जरा थबकला तरी गुपित फुटते. जोर शेवटच्या ‘कोणाचा’वर पडला पाहिजे.

हिशेबाची दोन कोडी पुरेत. कोल्हापुरी चप्पल आणि पॉलिशची डबी मिळून ११०० रुपये झाले आणि चप्पल डबीपेक्षा १००० रुपयांनी महाग आहे, तर डबी केवढ्याची? तोंडात १०० येते, पण डबी ५० रुपयांची आणि चप्पल १०५० रुपयांची असते. रंकाळ्यातली जलपर्णी रोज दुप्पट होऊन तीस दिवसांत सगळा तलाव व्यापते असे धरले, तर अर्धा तलाव एकोणतिसाव्या दिवशी भरलेला असतो. ही दोन्ही कोडी शेन फ्रेडरिक यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीतील प्रश्नांची आपल्याकडची रूपे आहेत. त्या चाचणीत नामांकित विद्यापीठांतील विद्यार्थीही मोठ्या संख्येने चुकले होते, हे चुकणाऱ्याला आवर्जून सांगावे. मोठ्यांसाठी पंचगंगेचाही एक प्रश्न ठेवावा : तिच्या पाच नद्यांपैकी नकाशावर किती दाखवता येतील? चार, म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते.

कोणाचे वजन, रंग, लग्न किंवा जातपात यांवरचे एकही कोडे यादीत राहू देऊ नये. नव्या सुनेला किंवा पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्यांना एकट्याने उभे करून विचारू नये. गट करताना आजोबा आणि नातवंडे एकत्र ठेवावीत, आणि उत्तरे ओरडून न सांगता चिठ्ठीवर लिहून घ्यावीत. नाहीतर चटपटीत दोघे-तिघेच सगळी कोडी सोडवतात आणि बाकीचे नुसते ऐकत राहतात. तासाभराला बारा ते पंधरा कोडी पुरतात.

सामान थोडेच लागते. मोठ्या अक्षरात लिहिलेल्या आणि मागे उत्तर असलेल्या चिठ्ठ्या, पेन्सिली, कोरे कागद आणि एक बॅटरी आदल्या दिवशीच एका पिशवीत घालून ठेवावी, कारण चांदण्यात अक्षर वाचता येत नाही. वाघ, शेळी आणि गवताची पेंढी नदीपार नेण्याचे कोडे दूध वाटताना विचारावे आणि त्यासाठी तीन वाट्या व एक ताटली हाताशी ठेवावी. नावाडी एकूण सात वेळा नदी ओलांडतो आणि मध्ये शेळीला एकदा परत आणावे लागते, हा क्रम यजमानाने वाट्या हलवून आधीच करून पाहावा.