कथेतल्या पात्राला पीटीएसडी आहे का, हे कसं तपासावं

समजा, चंद्रपूरकडच्या एका कथेत शेवंता एप्रिलच्या पहाटे जावेसोबत मोहफुलं वेचायला जाते आणि तिच्या डोळ्यांदेखत वाघ जावेला ओढून नेतो. त्यानंतर शेवंता बदलते. हा बदल आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, ठरतो का?

पहिल्या वाचनात निदान नको. वहीत रकाने पाडा: पान, कृती, घटनेला किती दिवस झाले, सांगतंय कोण. ‘शेवंता भेदरलेली असायची’ हे निवेदकाचं मत झालं. ‘गंज (पातेलं) पडल्याबरोबर ती चुलीमागे दडली’ हा पुरावा.

मग घटना तपासा. डीएसएम-५ (मनोविकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका, पाचवी आवृत्ती, 2013) नुसार मृत्यू, मृत्यूचा धोका, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा लागते. स्वतः भोगलेली, समोर पाहिलेली, किंवा जवळच्या माणसावर गुदरल्याचं कळलेली. विदर्भातल्या कथा वाचताना इथंच घसरायला होतं. नापिकी, बोंडअळी, सावकाराचा तगादा माणसाला खचवतात, पण हा निकष त्यांनी पुरा होत नाही. नवऱ्यानं फवारणीचं औषध घेतलेलं पाहणाऱ्या बायकोबाबत होतो.

आता लक्षणं. नको असलेल्या आठवणी घुसणं आणि टाळाटाळ, यांतलं प्रत्येकी किमान 1. विचार-भावनांतले वाईट बदल आणि सततची सावधगिरी, यांतली प्रत्येकी किमान 2. मोहाच्या वासासरशी जावेची किंकाळी ऐकू येणं पहिल्या गटात. ‘मीच तिला पुढं धाडलं’ ही टोचणी तिसऱ्यात.

टाळाटाळीत फसगत होते. सासऱ्यानं रानात जायला मना केलं म्हणून ती घरी बसली, तर ती टाळाटाळ नव्हे. उलट पोटासाठी रोज रानात जाते, पण जावेचं नाव निघालं की उठून जाते, तर ती नोंदवा. सावधगिरीचंही तसंच. वाघ अजून शिवारात फिरत असेल तर मागं वळून पाहणं शहाणपणच. नागपूरच्या बसस्टँडवरही ती भिंतीला पाठ लावूनच बसते का, ते शोधा.

कालावधी 1 महिन्यापेक्षा जास्त हवा. 3 दिवस ते 1 महिना असेल तर तीव्र तणाव विकाराचा विचार करा. सगळे निकष 6 महिन्यांनंतरच पुरे झाले, तर विलंबित प्रकार. लेखक तारखा देत नाहीत, तेव्हा हंगाम मोजा: मोह मार्च-एप्रिलात, तेंदूपत्ता मे महिन्यात, मग पेरणी. घरकाम, मजुरी, नाती यांत अडचण किंवा ठळक मानसिक त्रास दिसायला हवा, आणि तो नुसता दारूमुळे नसावा.

गाव ‘बाधा झाली’ म्हणत असेल तर ते शब्द तसेच उतरवा, पण कृतीच्या रकान्यात नव्हे. कथा 1980 च्या आधीची असेल, तर पात्रांच्या तोंडी ‘पीटीएसडी’ हा शब्द घालू नका. निदान म्हणून तो त्या वर्षी डीएसएम-३ मध्ये आला. शेवटी प्रत्येक लक्षणापुढे पान क्रमांक टाका. एखाद्या गटातली किमान संख्या भरली नाही तर ‘निकष अपुरे’ असं लिहा आणि शोक किंवा नैराश्याच्या बाजूनं तीच वही पुन्हा वाचा.