लेहला जाताय? कागदावर मुक्कामाची उंची लिहा

मे महिन्यात उन्हाला कंटाळून नागपूरहून लेह गाठणाऱ्या अनेकांचं पहिल्याच रात्री डोकं ठणकतं. आपण राहतो ३१० मीटरवर आणि विमान उतरवतं थेट ३५०० वर, विरळ हवेत. फुटाळा तलावावर रोज चालण्याचा इथे काही उपयोग नाही. आमचे जावईबापूच सगळ्यात आधी आडवे झाले.

उपाय फुकटातला आहे. ट्रॅव्हलवाल्याने दिलेल्या कागदावर प्रत्येक रात्रीपुढे उंची लिहा. फिरायच्या नव्हे, झोपायच्या जागेची.

१. पहिले दोन दिवस लेहमध्येच. पहिला तर खोलीतच काढा, जिनेही सावकाश.

२. मग नुब्रा खोरं. वाटेत सुमारे ५३६० मीटरवर ‘खारदुंग ला’ ही खिंड लागते, तिथे पंधरा मिनिटांत फोटो आटपून निघायचं. मुक्कामाचं गाव हुंदर लेहपेक्षा खाली आहे, साधारण ३१०० वर.

३. पँगाँग सरोवर (सुमारे ४२५०) सगळ्यात उंच, म्हणून शेवटी.

आमच्या कागदावर पँगाँग दुसऱ्याच रात्री होतं. एका फोनवर क्रम बदलून मिळाला, पैसेही वाढले नाहीत.

डोकेदुखीसोबत उलट्या, चालताना झोकांड्या किंवा बसल्या जागी धाप लागली, तर ‘सकाळी पाहू’ म्हणू नका. लगेच डॉक्टर गाठा आणि खाली उतरा.