घरच्या व्हिडिओची डीव्हीडी करताय? सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

"कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" असं विचारत कुणी आलं की मी आधी त्यालाच विचारतो, डिस्क लागणार कुठे? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. आजीच्या खोलीत जुना प्लेअर आहे, तिला मोबाइलवर नीट दिसत नाही आणि पेन ड्राइव्हच्या भानगडीत ती पडत नाही. मग त्या प्लेअरला चालेल अशी डिस्क करून देणारं सॉफ्टवेअर घ्या. मेन्यूत फुलपाखरं किती उडतात ते नंतर बघू.

एमपी4 फाइल डिस्कवर ओढून टाकली म्हणजे डीव्हीडी झाली, हा गैरसमज अजून गेलेला नाही. जुन्या प्लेअरला एमपीईजी-2 व्हिडिओ लागतो, आणि तोही व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरमध्ये आयएफओ, बीयूपी, व्हीओबी अशा फाइलींत बांधलेला. हे बांधणं म्हणजे ऑथरिंग. डिस्कवर लिहिणं म्हणजे बर्निंग. मी दोन्हींना वेगळी सॉफ्टवेअर वापरतो: बांधायला डीव्हीडीस्टायलर, लिहायला इमजीबर्न. दोन्ही फुकट. विंडोज 7 मध्ये डीव्हीडी मेकर आयता मिळायचा, विंडोज 8 पासून तो गेला. त्याच्या आठवणी काढत बसणाऱ्यांना माझ्याकडे औषध नाही.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: सगळं एकाच डिस्कवर कोंबणं. एका चवथीनंतर फोंड्याकडचा एक मुलगा डिस्कची चळत घेऊन आला. दीड दिवसाचा गणपती, साडेतीन तासांचं शूटिंग. "दादा, मुंबईच्या काकांना पाठवली, ते म्हणतात चित्र फुटतं. डिस्कचा लॉटच खराब लागला." मी एक लावून बघितली. मखरातला गणपती जेमतेम ठीक, पण वर माटोळीत, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या छतात, सुपारीचा घोस कुठला, तोरिंजनाचं फळ कुठलं काही कळेना, नुसते हिरवे-पिवळे चौकोन. आणि फुगडी सुरू झाल्यावर बायकांच्या लुगड्यांचा लगदा झाला. लॉट चांगला होता. सॉफ्टवेअरात "डिस्कवर मावेल असं करा" हे बटण होतं, त्यानं ते दाबलं आणि जेवायला गेला.

हिशेब पाटीवर मांडण्याइतका सोपा आहे. साध्या डिस्कवर 4.7 जीबी, म्हणजे सुमारे 37,600 मेगाबिट. (विंडोज तीच डिस्क 4.37 जीबी दाखवतं, घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी.) दीड तासाला भागलं तर सेकंदाला जवळजवळ 7 मेगाबिट मिळतात, साडेतीन तासांना जेमतेम 3. त्यात या पठ्ठ्यानं आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबता, ठेवलेला, तो एकटाच दीड मेगाबिट खातो. अर्धी डिस्क आरतीच्या टाळांनी भरली, चित्राला उरलं काय? आवाज दाबून ठेवणारं एसी-3 निवडलं असतं तर आवाजाचं काम 192 किलोबिटमध्ये भागलं असतं.

मी दीड तासाच्या वर एका डिस्कवर घेत नाही. पूजा-आरती एकीत, फुगडी दुसरीत, विसर्जन तिसरीत. दुहेरी थराची 8.5 जीबीची डिस्क मिळते, पण कित्येक जुने प्लेअर तिच्यावर अडखळतात, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. खरं तर माटोळीवर पाच मिनिटं कॅमेरा फिरवला तर त्यातली एक ठेवावी, पण कापाकापी करायला सांगितलं की लोकांची तोंडं पडतात.

दुसरी लाडकी चूक, पालऐवजी एनटीएससी निवडणं, फुगडीतच पकडता येते. आपला टीव्ही पाल पद्धतीचा: 720×576, सेकंदाला 25 फ्रेम. एनटीएससी म्हणजे 720×480 आणि 29.97. इथले बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात, म्हणून चूक लगेच कळत नाही. 25 फ्रेमची ओढाताण करून जवळपास 30 केल्या जातात आणि कॅमेरा फिरला की चित्र झटके खातं. डीव्हीडीस्टायलर नवा प्रोजेक्ट उघडताना पाल की एनटीएससी हे विचारतो. घाईची मंडळी न वाचता पुढे जातात. याच्याच जोडीला फील्डचा क्रम. इंटरलेस्ड चित्रात प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत येते, त्यातला एकेक भाग म्हणजे फील्ड. मिनीडीव्ही टेपचं चित्र असेल तर खालचं फील्ड आधी, एव्हीसीएचडी कॅमेऱ्याचं इंटरलेस्ड चित्र असेल तर वरचं. उलटं झालं की हलणारी प्रत्येक गोष्ट थरथरते. कॉम्प्युटरवर हे बऱ्याचदा झाकलं जातं. जुन्या डब्याच्या टीव्हीवर लावा, लगेच उघडं पडतं. म्हणून माझ्याकडे तसला एक टीव्ही अजून आहे, घरचे कितीही ओरडले तरी.

बाकीचं थोडक्यात. आधी फोल्डर तयार करून कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये मेन्यूसकट चालवून बघा, मग एक प्रत पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर, मग खऱ्या डिस्क. 16 एक्स वेगाची डिस्क मी 8 एक्सनं लिहितो आणि इमजीबर्नमधली पडताळणी कधी बंद करत नाही. पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा इन्व्हर्टर नसेल तर बर्निंगला हात घालू नका. जुन्या सॉफ्टवेअरच्या मेन्यूत मराठी जोडाक्षरं फुटतात. नावं दुसरीकडे चित्रात लिहून ते चित्र मेन्यूची पार्श्वभूमी म्हणून लावा, कडेला थोडी जागा सोडून, नाहीतर जुना टीव्ही पहिलं अक्षर गिळतो. इमजीबर्न उतरवताना सोबत भलतं काही चिकटत नाही ना ते प्रत्येक पडद्यावर वाचा.

आणि कागदी स्टिकर नको. जुलैच्या दमट हवेत त्याची कड सुटते, डिस्क प्लेअरमध्ये फिरताना तो आत अडकतो, आणि मग लोक डिस्कच्या ऐवजी आख्खा प्लेअर उचलून माझ्याकडे आणतात. पाण्याच्या शाईचा मार्कर घ्या, वरच्या बाजूला नाव आणि साल लिहा.