जखमी पक्ष्यासाठी फोन येण्याआधी

आपल्या परिसरातल्या जखमी पक्षी-प्राण्यांच्या मदतीला उतरायचं ठरलं, की सगळ्यात आधी फोन नंबर जमवा. वनखात्याचं जवळचं कार्यालय, वन्यजीव बचाव केंद्र, पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आणि प्रशिक्षित सर्पमित्र, हे चार तरी हवेतच. प्रत्येक नंबर आधीच लावून बघा आणि रात्री कोण फोन उचलतं, कुठले प्राणी दाखल करून घेतात, हे विचारून ठेवा. कुत्र्या-मांजरांना तपासणारा प्रत्येक डॉक्टर पक्षी हाताळतोच असं नाही, आणि हे ऐन वेळी, पक्षी मांडीवर घेऊन कळलं तर मोलाचे दोन तास हातचे जातात. वन्यप्राणी घरी ठेवायला बहुतेक ठिकाणी कायद्याने परवानगी लागते. त्यामुळे तुमचं काम त्याला सुखरूप पोहोचवण्यापुरतंच आहे, असं धरून तयारी करा.

त्यानंतर स्वतःची लस. सस्तन प्राणी हाताळणार असाल तर रेबीजची लस आधीच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार, निरोगी माणसाला पहिला डोस आणि त्यानंतर सात दिवसांनी दुसरा, असे दोन डोस पुरतात. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षं झाली असतील तर तीही पुन्हा घ्या. लस घेतलेली असली तरी चावा बसल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचं. वटवाघूळ तर कधीच उघड्या हाताने उचलू नये. त्याचे दात इतके बारीक असू शकतात की चावल्याची खूणही अनेकदा दिसत नाही.

आता खोकं. झाकण असलेलं पुठ्ठ्याचं खोकं सगळ्यात उत्तम. कबुतराएवढ्या पक्ष्याला बुटांचं खोकं चालतं, घार किंवा घुबडासाठी मोठं लागतं. पक्ष्याला उभं राहता यावं, पण पंख फडफडवता येऊ नयेत, एवढंच माप हवं. भोकं पक्षी आत ठेवण्याआधी पाडायची, पेन्सिलीच्या जाडीची, समोरासमोरच्या दोन बाजूंना. तळाला जुना सुती कपडा किंवा टिश्यू पेपर घाला. टॉवेलच्या धाग्यांच्या वेटोळ्यांत नखं अडकतात, म्हणून तो तळाला नको. तारेचा पिंजराही नको. गजांवर आपटून पिसं मोडतात, आणि मोडलेलं पीस पुढच्या पिसंझडीपर्यंत नवं येत नाही. खोक्यासोबत पिशवीत एक मोठा टॉवेल, जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, बोथट टोकाची कात्री, चिकटपट्टी, कोमट पाणी भरायला अर्ध्या लिटरची बाटली, वही आणि पेन ठेवा.

पकडताना टॉवेल अंगावर टाकून डोकं झाका. अंधार झाला की पक्षी बऱ्यापैकी शांत होतो. शिकारी पक्ष्याचं हत्यार म्हणजे त्याचे पंजे, ते आधी आवरा. बगळा मात्र सरळ डोळ्यावर चोच मारतो, म्हणून चष्मा. छाती कधीही आवळायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा स्नायू) नसतं, छातीचं हाड खालीवर होऊनच श्वास चालतो, आणि ते दाबलं गेलं तर पक्षी हातातच गुदमरतो. पायाला किंवा पंखाला मांजा वा तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) गुंडाळलेली असेल तर ओढून काढू नका. अडकलेली टोकं कापून पक्षी मोकळा करा आणि जखमेत रुतलेला भाग डॉक्टरांवर सोपवा.

सगळ्यात जास्त नुकसान चोचीत पाणी घातल्याने होतं. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, त्यामुळे थेंबाथेंबाने घातलेलं पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. दूधही नको, पक्ष्याला ते पचत नाही. भेदरलेल्या जिवाला ऊब, अंधार आणि शांतता द्या, एवढं पुरे. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे गरम वाटलं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल. डोक्याला मार असेल तर मात्र अशी बाहेरून ऊब देऊ नका. सारखं झाकण उघडून बघणं, फोटो काढणं, मुलांना दाखवणं पूर्ण टाळा. आपण जवळ जाणं म्हणजे त्याच्या लेखी शिकारी जवळ येणं.

पिल्लं सापडली की घाई हमखास होते. अंगावर पिसं, आखूड शेपटी आणि जमिनीवर टुणटुण उड्या, असं पिल्लू उडायला शिकत असतं. आई-बाप जवळच असतात. कुत्रा-मांजर दूर ठेवा, धोका असेल तर जवळच्या झुडपात बसवा आणि लांबून एक-दोन तास लक्ष ठेवा. उघडंबोडकं पिल्लू पडलं असेल आणि अंग गरम असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाच्या वासाने आई पिल्लू टाकते, हा समज खोटा आहे. गार पडलं असेल तर आधी ऊब द्या. मात्र मांजराने तोंडात धरलेला पक्षी, पिल्लू असो वा मोठा, वरवर धडधाकट दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. दाताची जखम टाचणीएवढी असते, पण त्यातून गेलेले जिवाणू दोन दिवसांत जीव घेऊ शकतात.

काचेवर आपटलेला पक्षी खोक्यात दोन तास ठेवून, दिवसाउजेडी, मोकळ्या जागी झाकण उघडा. हवेत उडवू नका. तो स्वतःहून गेला नाही तर डॉक्टर गाठा. एकाच जागी बरेच पक्षी मरून पडले असतील तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा.

वहीत नेमकी जागा, तारीख, वेळ आणि सापडला तेव्हाची अवस्था लिहा. ‘बागेजवळ’ असं मोघम नको. बरा झाल्यावर त्याला शक्यतो तिथेच सोडायचं असतं, कारण त्याचा जोडीदार आणि पाणवठा तिथेच असतो. काम संपलं की वापरलेलं खोकं टाकून द्या, टॉवेल घरच्या कपड्यांपासून वेगळा धुवा, हात साबणाने धुवा आणि त्याच संध्याकाळी नवं खोकं भोकं पाडून पिशवीशेजारी ठेवा.