पोटाच्या डायलिसिसचे लेबल कसे वाचावे आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पिशव्या कशा सांभाळाव्यात

घरी सीएपीडी, म्हणजे यंत्राशिवाय हाताने करायचे पोटाचे डायलिसिस (पी.डी.), सुरू झाले की पहिले काही आठवडे सगळे लक्ष हात धुणे, मास्क लावणे आणि नळी जोडणे यांकडे लागलेले असते, आणि ते योग्यच आहे. परंतु दिवसातून तीन-चार वेळा दोन-दोन लिटर जे द्रावण पोटात जाते, त्याचे लेबल बहुतेक घरांत कोणी नीट वाचत नाही. माझ्या वडिलांची पी.डी. मी घरी करत असे, आणि पहिला उन्हाळा येईपर्यंत मीही ते वाचले नव्हते.

पिशवी हातात घेतल्यावर आधी डेक्स्ट्रोजची, म्हणजेच ग्लुकोज साखरेची, टक्केवारी पाहावी: १.५, २.५ किंवा ४.२५. रंगावर विसंबू नये, कारण रंगांची पद्धत कंपनीगणिक बदलू शकते. ही साखरच शरीरातले जास्तीचे पाणी पोटात ओढून घेते. टक्केवारी जितकी जास्त, तितके पाणी अधिक निघते, आणि साखरही तितकीच अधिक अंगात शोषली जाते. २.५ टक्क्यांच्या दोन लिटरच्या पिशवीत ५० ग्रॅम डेक्स्ट्रोज असते, तर ४.२५ च्या पिशवीत ८५ ग्रॅम. द्रावण जितका वेळ पोटात राहील, तितका त्याचा मोठा भाग रक्तात जातो. म्हणून सूज दिसली की मनानेच तीव्र पिशवी लावण्याऐवजी वजन, रक्तदाब आणि बाहेर आलेल्या पाण्याचे माप वहीत लिहून डॉक्टरांना विचारावे आणि पाण्यामिठाचे पथ्य तपासावे.

क्षारांचा भाग थोडक्यात सांगता येतो. आकडे दर लिटरमागचे आहेत. सोडियम साधारण १३२ मिलिमोल, म्हणजे रक्तातल्यापेक्षा किंचित कमी असते. पोटॅशियम मुळीच नसते, त्यामुळे रक्तातले पोटॅशियम बाहेर पडते. कॅल्शियम १.२५ किंवा १.७५ मिलिमोल असते, आणि काही लेबलांवर हेच आकडे २.५ व ३.५ मिलिइक्विव्हॅलंट असे छापलेले असतात. फॉस्फरस बांधण्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील, तर यांपैकी कोणती पिशवी वापरायची हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. रक्तातले आम्ल कमी करण्यासाठी ३५ ते ४० मिलिमोल लॅक्टेट घातलेले असते, आणि यकृत त्याचे बायकार्बोनेट करते.

यापुढचा भाग जैवसुसंगतीचा, म्हणजे हे द्रावण पोटातल्या पडद्याला कितपत सोसते याचा. साखरेचा पाक आचेवर राहिला की जसा पिवळा पडू लागतो, तसेच निर्जंतुक करण्यासाठी पिशवी तापवताना ग्लुकोज थोडे मोडते आणि त्यातून पडद्याच्या पेशींना विषारी ठरणारे पदार्थ तयार होतात. हे मोडणे कमी व्हावे म्हणून साधे द्रावण मुद्दाम आंबट, म्हणजे सुमारे ५.५ पीएचचे ठेवतात. काहींना द्रावण आत जाताना पोटात जळजळते, त्याचे एक कारण हा आंबटपणा आहे. वर्षानुवर्षे साखर आणि हे पदार्थ लागत राहिले की पडदा जाड होतो, त्यात नव्या रक्तवाहिन्या वाढतात, साखर लवकर शोषली जाते आणि पाणी कमी निघू लागते.

यावर उपाय म्हणून दोन कप्प्यांची पिशवी निघाली. तिच्यात साखर एका कप्प्यात फार आंबट ठेवून तापवतात, कारण तशी ती कमी मोडते, आणि लॅक्टेट किंवा बायकार्बोनेट दुसऱ्या कप्प्यात ठेवतात. वापरण्याआधी दोन्ही मिसळले की पीएच सातच्या आसपास येतो. चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर असे दिसते की या द्रावणाने अजून होत असलेली लघवी अधिक काळ टिकते आणि आत सोडतानाची वेदना कमी होते. ही पिशवी महाग असते, तरी लघवी अजून होत असेल तर तिच्याविषयी जरूर विचारावे. ती वापरताना मधली शिवण दाबून पूर्ण उघडावी, द्रावण नीट मिसळले याची खात्री करावी आणि मगच नळी जोडावी; न मिसळलेला कप्पा पोटात कधीही सोडू नये.

आता उन्हाळ्याकडे येतो. पहिल्या एप्रिलमध्ये आम्ही महिन्याची खोकी गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत रचली होती. द्रावण दिसायला पाण्यासारखे नितळ होते, म्हणून मला काहीच शंका आली नाही, पी.डी.च्या सिस्टरांनी मात्र ऐकताच त्या पिशव्या बाजूला ठेवायला सांगितल्या. साठवणीतली उष्णता वाढली की विषारी पदार्थांपैकी काहींचे प्रमाण पुन्हा चढते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. लेबलावर तापमानाची जी कमाल मर्यादा असते, ती नागपूरचा मे महिना ४५ अंशांवर जाऊन सहज ओलांडतो. म्हणून खोकी घरातल्या सर्वांत थंड खोलीत, भिंतीपासून थोडी दूर, पाटावर ठेवावीत. कुलरचा ओला झोत थेट त्यांच्यावर येऊ देऊ नये. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या, दिवसांत एकदम महिन्याचा साठा न आणता जमल्यास पंधरा दिवसांचाच आणावा. नागपुरातल्या धंतोलीहून उमरेड किंवा काटोलकडे न्यायचा असेल तर पहाटे निघावे आणि बंद गाडीत खोकी उन्हात सोडू नयेत.

पिशवी शरीराच्या तापमानापर्यंत कोमट करण्यासाठी कोरडा हीटिंग पॅडच वापरावा. गरम पाण्यात बुडवल्यास ओलाव्यातून जंतू जोडणीपर्यंत पोचू शकतात, आणि मायक्रोवेव्हमध्ये एखादा भाग फार तापतो. उन्हात ठेवून कोमट करणे तर टाळावेच.

रात्री किंवा दिवसा द्रावण पोटात बराच वेळ ठेवण्यासाठी डेक्स्ट्रोजऐवजी ७.५ टक्क्यांच्या आयकोडेक्स्ट्रिनचे द्रावण दिले असेल, तर एक धोका घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. त्यापासून रक्तात माल्टोज तयार होते, आणि जीडीएच-पीक्यूक्यू पद्धतीच्या पट्ट्या त्यालाच ग्लुकोज समजून साखर खोटी वाढलेली दाखवतात. तो आकडा पाहून इन्सुलिन दिले, तर साखर जीवघेणी उतरू शकते. द्रावण बंद केल्यावरही हा परिणाम सुमारे दोन आठवडे राहतो. ग्लुकोमीटरच्या पट्टीच्या डबीवरची पद्धत आजच वाचावी, आणि रुग्ण आयकोडेक्स्ट्रिनवर आहे असे लिहिलेला कागद त्याच्या पाकिटात ठेवावा, म्हणजे रात्री-बेरात्री दुसऱ्या दवाखान्यात न्यावे लागले तरी तो तिथल्या डॉक्टरांच्या हाती पडेल.