बचाव हेलिकॉप्टरचे सुटे भाग: या चुका टाळा

स्टोअरमधून भाग काढला, नंबर जुळला, बसवला. तटरक्षक दलाच्या बचाव हेलिकॉप्टरवर नव्याने काम करणाऱ्यांच्या बऱ्याच चुका इथेच सुरू होतात. नंबर ही भागाची अर्धीच ओळख झाली. तो आधी कोणत्या हेलिकॉप्टरवर होता, किती तास उडाला, ओव्हरहॉल (पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती) कधी झाला, हे सांगणारं लॉगकार्ड सोबत नसेल तर भाग कितीही कोरा दिसो, बाजूला ठेवा.

हेलिकॉप्टरच्या नावावर विसंबणं ही तशीच एक चूक. अमेरिकी तटरक्षक दलाचं डॉल्फिन घ्या. १९८० च्या दशकात ते आलं तेव्हा त्यात लायकमिंगची एलटीएस-१०१ इंजिनं होती. ती कमी पडत होती, म्हणून २००४ पासून त्यांच्या जागी टर्बोमेकाची एरिएल इंजिनं बसवली गेली. पुढे एमएच-६५सी आवृत्तीत शेपटीतल्या पंख्याची पातीही ११ वरून १० झाली. नाव मात्र डॉल्फिनच राहिलं. त्यामुळे भाग मागवताना आवृत्ती आणि त्या यंत्रावर झालेले बदल आधी तपासा.

सगळ्यात महाग पडते ती बुलेटिनबाबतची, म्हणजे उत्पादकाने काढलेल्या सूचनेबाबतची ढिलाई. एस-९२ हे हेलिकॉप्टर समुद्री बचावासाठीही वापरलं जातं. त्याच्या मुख्य गिअरबॉक्सच्या ऑइल फिल्टरचं भांडं तीन टायटॅनियम स्टडवर (आटे असलेल्या खिळीवर) बसवलेलं असे. फिल्टर बदलताना नट काढा, लावा, असं वारंवार झालं की आटे घासले जात आणि स्टड कमजोर होत. २००८ साली ऑस्ट्रेलियात असे स्टड तुटले, पण हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं. जानेवारी २००९ मध्ये स्टीलचे स्टड बसवण्याची सूचना निघाली, मुदत होती वर्षभर किंवा १,२५० उड्डाण तास. १२ मार्च २००९ रोजी न्यूफाउंडलंडजवळ तेलविहिरींकडे कामगार नेणारं एस-९२ समुद्रात कोसळलं. स्टड तुटून गिअरबॉक्समधलं तेल वाहून गेलं होतं. १८ पैकी १७ जण गेले. नवे स्टड अजून बसायचे होते. मुदत ही शेवटची तारीख असते. सुटा भाग मिळत असेल तर तिची वाट कशाला पाहायची?

आता हॉइस्टची, म्हणजे माणसाला वर ओढून घेणाऱ्या यंत्राची केबल. माणूस तिच्यावर लटकतो, म्हणून तिची तपासणी घाईत उरकू नका. केबल पूर्ण सोडा, ड्रमजवळचे वेढेही पाहा. हातमोजा घालून स्वच्छ सुती फडकं तिच्यावरून हळू फिरवा. तुटलेली तार असेल तर फडकं अडकतं. पीळ सैल पडला असेल किंवा तारा फुगून बाहेर आल्या असतील, तर मॅन्युअलमधली मर्यादा बघा आणि शंका असेल तर केबल बदला. खाऱ्या पाण्यात भिजलेली केबल गोड्या पाण्याने धुऊन वाळवल्याशिवाय गुंडाळायची नाही. आणीबाणीत केबल कापणाऱ्या काडतुसालाही मुदत असते. बसवल्यापासूनची वेगळी, बनवल्यापासूनची वेगळी. दोन्ही नोंदवा.

रबरी सील पाकिटात पडून पडूनही म्हातारं होतं, तेव्हा तारीख वाचा. नट-बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून लावायची स्प्लिट पिन आणि लॉकवायर दुसऱ्यांदा वापरू नका. ॲल्युमिनियमवर हाताला येईल तो स्क्रू लावलात तर खारी हवा त्या जोडावर गंज चढवते. मॅन्युअलमध्ये सांगितलेला धातू आणि सीलंटच वापरा.

भाग मिळत नाही म्हणून शेजारच्या उभ्या हेलिकॉप्टरवरून काढावा लागला, तर दोन्ही लॉगबुकांत त्याच वेळी नोंद करा आणि रिकाम्या जागी लाल पट्टी लावा.