कढीपत्त्यावरची घाण चालायला लागली तर? अळ्या पाहताना या चुका टाळा

पावसाळा लागला की माझ्या फोनवर अळ्यांचे फोटो यायला लागतात. कुणाच्या गॅलरीतला कढीपत्ता, कुणाच्या बांधावरची रुई, आणि खाली एकच प्रश्न: "विषारी आहे का हो ही?" बहुतेक वेळा उत्तर "नाही" असतं, पण ते पोहोचेपर्यंत अळी चपलेखाली गेलेली असते. गडबड अशी की आपण भितो निरुपद्रवी अळीला आणि बोट लावतो नेमकं नको तिथे.

घाण समजून पुसून टाकणं

गंगापूर रोडला आमच्या शेजारच्या काकू रोज सकाळी कढीपत्त्याची पानं ओल्या फडक्याने पुसायच्या. "मेले बुलबुल, यांना दुसरी जागाच मिळत नाही!" एका सकाळी हाक आली, "अगं बाई, ही घाण चालतेय!" जाऊन बघितलं तर लाइम बटरफ्लायची अळी. लहानपणी ती काळपट-तपकिरी, मधे पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी. हुबेहूब पक्ष्याची शीट. शीट कोण खाणार? म्हणून ती भरदिवसा पानाच्या वरच्या बाजूला बिनधास्त पडून असते. शेवटची कात टाकली की मात्र हिरवीगार होते आणि पानांत मिसळून जाते.

त्या हिरव्या अळीला डिवचलं की डोक्यामागून दोन फाट्यांचं नारिंगी-लाल शिंग बाहेर येतं आणि उग्र आंबूस वास सुटतो. ते शिंग टोचत नाही, चावत नाही. मुंग्या आणि छोटे शिकारी त्या वासाने मागे हटतात, एवढंच त्याचं काम. एकदा बघा आणि सोडून द्या. मुलांना दाखवायचं म्हणून दहा वेळा काडीने ढोसू नका.

फवारा तर नकोच. 2015 साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. कुंडीतलं रोप अगदीच लहान असेल तर पान खुडून अळीसकट मोठ्या झाडावर टेकवा. मोठ्या कढीपत्त्याला काही होत नाही, तो पुन्हा फुटतो.

भडक ती वाईट, हिरवी ती गरीब

हा हिशोब साफ चुकतो. पांडवलेणीच्या वाटेवर रुईची पानं उलटून बघा. काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेली प्लेन टायगर फुलपाखराची अळी सापडेल. रुईचं विष ती अंगात साठवते आणि ते भडक रंगांनी जाहीर करते. ती पाटी पक्ष्यांसाठी आहे. आपण चार बोटं अंतरावरून निवांत बघू शकतो. सांभाळायचं ते रुईच्या चिकाला. तो डोळ्यात गेला तर मोठं दुखणं होतं, म्हणून पानं हाताळल्यावर आधी हात धुवा.

उलट एरंडाच्या किंवा आंब्याच्या पानाखाली एक गोड पोपटी अळी बसलेली असते. पाठीवर निळी रेघ, पाय दिसतच नाहीत, गोगलगायीसारखी सरकते. हात लावावासा वाटतो तो हिलाच! ही स्लग कॅटरपिलर. अंगावरच्या काटेरी झुपक्यांत खरंच विष असतं आणि बोट लागलं की विस्तव टेकवल्यासारखी आग होते. 2022 च्या पावसाळ्यात बीडकडच्या उसात निघालेली 'घोणस अळी' याच कुळातली. घोणस म्हटल्यावर लोकांना साप आठवला आणि मोबाइलवर मरणाच्या अफवा फिरल्या.

काटे लागले तर चोळू नका. चिकटपट्टी लावून उपटा म्हणजे रुतलेले काटे निघतात, मग साबणाने धुवा आणि बर्फ लावा. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा डोळ्यात केस गेला तर घरचे उपाय सोडून तडक दवाखाना गाठा. शेवग्याच्या खोडावर घोळक्याने बसणाऱ्या केसाळ सुरवंटांनाही हाच नियम. आणि त्या झाडाखाली कपडे वाळत घालू नका.

झाकण लावलेली बरणी

अळी पाळायला घेतलीत तर बरणीचं झाकण लावू नका. आत वाफ धरते, लेंड्या कुजतात, अळी बुरशीने मरते. तोंडाला सुती फडकं बांधा, तळाशी कागद घालून तो रोज बदला, पानं कोरडी द्या. पानं त्याच झाडाची हवीत. कण्हेरीवरची अळी कोबी खात नाही, उपाशी मरते.

"आजारी पडली वाटतं"

कण्हेरीवरच्या हॉकमॉथ नावाच्या पतंगाच्या अळीला निळे खोटे डोळे असतात. दचकली की डोकं आत ओढून ते डोळे वटारते. हीच हिरवी अळी एक दिवस तपकिरी होऊन खाणं सोडते आणि सैरावैरा पळते. घाबरू नका, तिला कोषासाठी जागा हवी आहे. बरणीच्या तळाशी पालापाचोळा घाला.

पण अळीच्या अंगावर तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे दिसले तर "अंडी घातली!" म्हणून आनंदू नका. अळी अंडी घालत नाही. ते परोपजीवी गांधीलमाशीचे कोष असतात; तिची पिल्लं अळीला आतून खाऊन बाहेर आलेली असतात. ही अळी आता वाचत नाही, आणि मुलं हिरमुसतात. तरी बरणी फेकू नका, भिंग आणून ठेवा. काही दिवसांत दाण्यांची टोपणं उघडतात आणि मुंगीहून बारीक काळ्या माश्या एकेक करून फडक्याकडे चढायला लागतात.